लाईट संपली, पेशंट घरी आला: रक्ताच्या कर्करोगातल्या रेडिएशनचे विरळ त्रास

मिरजेहून आलेल्या संध्याकाळच्या एसटीतून ती बाई उतरली तेव्हा ठणठणीत होती. रात्री नऊला मुलगा तिला मोटारसायकलवर मागं बसवून माझ्या दवाखान्यात घेऊन आला. दोन्ही कानांखाली गाल फुगलेले, हात लावला की कळ, तोंडाला कोरड, अंगात कणकण. मी जबड्याचा कोपरा चाचपला, टॉर्च मारून तोंडात बघितलं आणि विचारलं, "घरात कुणाला गालगुंड झालंय का?" नातवाच्या वर्गात दोन पोरांना झालं होतं. मला तेवढं पुरलं. आठ दिवस घराबाहेर पडू नका, नातवंडांना जवळ घेऊ नका, असं सांगून मी चिठ्ठी लिहायला घेतली. उठता उठता मुलगा म्हणाला, "मॅडम, आज आईला पहिली लाईट दिली बघा. घशातल्या गाठीला."

ते गालगुंड नव्हतं. रेडिएशनचे किरण लाळग्रंथींवरून गेले की फार थोड्या लोकांत या ग्रंथी काही तासांतच सुजतात. साधारण चार ते चोवीस तासांत गाल फुगतात, दुखतात, रक्तातलं अमायलेज हे लाळेतलं पाचकद्रव्य वाढतं, आणि दोन-चार दिवसांत सगळं आपोआप उतरतं. किरणांनी आधी मरतात त्या भराभर वाढणाऱ्या पेशी, असं आम्ही शिकलो. लाळ तयार करणाऱ्या पेशी तशा संथ, क्वचितच दुभंगणाऱ्या. तरीही त्या पहिल्याच दिवशी दगावतात, हे मला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं. माझं ऐकून ती आठ दिवस घरी बसली असती तर तेवढ्या दिवसांच्या लाईट चुकल्या असत्या, आणि मधे खंड पडला की गाठीला पुन्हा डोकं वर काढायला वेळ मिळतो. सकाळी रेडिएशन विभागात फोन केला. "सूज उतरेल, आजची लाईट चुकवू नका, आम्ही बघतो," असं त्यांनी सांगितलं. तिसऱ्या दिवशी गाल पहिल्यासारखे झाले.

मी कर्करोगतज्ज्ञ नाही. तासगावच्या बाजूला जनरल प्रॅक्टिस करते. आमच्याकडचे पेशंट उपचाराला मिरज-सांगलीला जातात, कोल्हापूरला, कऱ्हाडला, कुणी मुंबईला. मिरजेला तर डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली इस्पितळ उभं केलं आणि पुढच्याच वर्षी रॉन्टगेन यांना जर्मनीत क्ष-किरण सापडले. इतका जुना या गावाचा वैद्यकीचा वारसा. पण उपचार तिथं होतो आणि त्रास घरी होतो. रात्री अकराला, वस्तीवर, जिथं लाईट म्हणजे काय हे कुणालाच नीट माहीत नसतं. हा लेख त्या घरातल्या माणसांसाठी आणि माझ्यासारख्या गावातल्या डॉक्टरांसाठी आहे.

आपण "लाईट" किंवा "शेक" म्हणतो, पण यात ना उजेड दिसतो ना चटका बसतो. मात्रा ग्रे या एककात मोजतात. एक किलो ऊतकात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की एक ग्रे. ही ऊर्जा इतकी थोडी असते की अंग कोमटसुद्धा होत नाही, पण पेशीच्या केंद्रातला डीएनए तिनं तुटतो. यंत्र बंद झालं की किरण संपले. पेशंटच्या अंगातून घरी काही येत नाही. त्याच्या ताटात जेवा, लेकराला त्याच्या मांडीवर द्या. हे मुद्दाम लिहिते, कारण बापाचं अंथरूण गोठ्याशेजारच्या खोलीत टाकलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय.

रक्ताच्या कर्करोगात मुख्य उपचार औषधांचा, म्हणजे किमोचा. रक्त तर अंगभर फिरतं, मग लाईट कुठं द्यायची? तर जिथं रोग गोळा होऊन बसलाय तिथं. लिम्फोमाची, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाची, मानेतली किंवा छातीतली गाठ, मायलोमानं, म्हणजे हाडांच्या मगजातल्या कर्करोगानं, पोखरलेलं हाड, ल्युकेमियात, म्हणजे रक्तपेशींच्या कर्करोगात, रोग लपून बसू शकतो म्हणून मेंदू, आणि बोनमॅरो बदलण्याआधी काही जणांना सगळ्या अंगाला. मात्रा इतर कर्करोगांपेक्षा कमी लागते. घशाच्या नेहमीच्या कर्करोगाला ६०-७० ग्रे द्यावे लागतात, हॉजकिन या जातीच्या लिम्फोमाला बहुधा २० ते ३० पुरतात, आणि काही मंद लिम्फोमांत दोन दिवसांत मिळून चार ग्रे दिले तरी गाठ विरघळते. लिम्फोसाइट जातीच्या पांढऱ्या रक्तपेशी किरणांपुढं फार लवकर मान टाकतात म्हणून हे जमतं.

मात्रा कमी असल्यानं बहुतेकांचं निभावून जातं. थकवा, लाईट दिली तेवढ्याच जागेवर कातडी काळवंडणं, तोंड येणं, अन्नावरची वासना जाणं, काउंट, म्हणजे रक्तपेशींची संख्या, उतरणं. हे नेहमीचे त्रास तिथले डॉक्टर आणि सिस्टर नीट सांगतात, त्यात मी भर घालत नाही. सांगितले जात नाहीत ते विरळ त्रास. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शंभर गोष्टी सांगितल्या तर पेशंट लाईट घ्यायलाच येणार नाही. पण विरळ म्हणजे न होणारं नव्हे. ज्या घरात होतं त्या घरासाठी ते पुरतं असतं.

माझ्या अनुभवात ओळख पटवणारी मोठी खूण म्हणजे तारीख. काय होतंय यापेक्षा कधी होतंय, हे आधी विचारावं. पहिल्या लाईटनंतर काही तासांत, की दोन-तीन दिवसांत, की संपल्यावर सहा आठवड्यांनी? वैद्यकीत लाईट सुरू झाल्यापासून साधारण नव्वद दिवसांत येणाऱ्या त्रासाला तात्काळचा म्हणतात. घरच्या माणसांच्या लेखी मात्र शेवटची लाईट झाली, पेढे वाटले की विषय संपतो. तिथंच फसगत होते.

कवठेमहांकाळकडचा एक द्राक्षबागायतदार होता, चाळिशीच्या आतला. हॉजकिनसाठी किमो झाली, मग छातीच्या मधल्या गाठीला लाईट. ऑगस्टमध्ये संपली. ऑक्टोबरची छाटणी उरकली, फवारण्या सुरू झाल्या, आणि याला कोरडा खोकला लागला. बेडका नाही, नुसती ढास. विहिरीच्या पायऱ्या चढताना दम लागायला लागला, संध्याकाळी बारीक ताप. बायको म्हणाली औषधाचा वास बाधला. भाऊ म्हणाला गंधकाची धूळ छातीत गेली. एका ठिकाणी अँटिबायोटिकचा कोर्स झाला, दुसऱ्या ठिकाणी टीबीची शंका निघाली. माझ्याकडं आला तेव्हा मी गालगुंडावरून शहाणी झाले होते. आधी तारीख विचारली. शेवटच्या लाईटला नऊ आठवडे झाले होते.

फुप्फुसाला किरण लागले की हवेच्या बारीक पिशव्यांच्या अस्तराला इजा होते, पण ती लगेच कळत नाही. अस्तर हळूहळू सुजतं, पिशव्यांच्या भिंती जाड होतात, आणि लाईट संपल्यावर एक ते तीन महिन्यांनी, कधी सहा महिन्यांपर्यंतही, खोकला आणि दम सुरू होतो. याला रेडिएशन न्यूमोनायटिस म्हणतात. नाव न्यूमोनियासारखं, पण यात जंतू नसतो, म्हणून अँटिबायोटिकनं फरक पडत नाही. त्याच्या किमोत ब्लिओमायसिन होतं, तेही औषध स्वतःच्या हिशेबानं फुप्फुसाला दुखावतं. दोन्ही एकत्र आले की धोका वाढतो. एक्स-रे काढला तेव्हा पांढरट सावलीची कड पट्टीनं आखल्यासारखी सरळ होती. जंतूंचा न्यूमोनिया फुप्फुसाच्या खणांप्रमाणं पसरतो. तो सरळ रेषेत थांबत नाही. किरण जिथवर दिले होते तिथवर सावली, पुढं फुप्फुस स्वच्छ.

तरी मी स्वतः काही सुरू केलं नाही, आणि कुणी करू नये. यावरचं औषध स्टेरॉइड. टीबी किंवा दुसरा जंतू आत असताना तेच दिलं तर आगीत तेल. आपल्या भागात टीबी आहे, आणि किमोनं प्रतिकारशक्ती बसलेल्या माणसाला तो गाठू शकतो. म्हणून थुंकी, सीटी स्कॅन, ऑक्सिजनची पातळी, हे सगळं बघून कर्करोगाच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. त्यांनी गोळ्या सुरू केल्या आणि आठवड्याभरात तो पायऱ्या चढायला लागला. मग नेहमीचं झालं: बरं वाटतंय म्हणून यानं गोळ्या बंद केल्या. चार दिवसांत खोकला दुप्पट. या गोळ्या कित्येक आठवडे घेऊन, थोड्याथोड्या कमी करत आणायच्या असतात. मध्येच सोडल्या की सूज उसळून येते, आणि शरीरही अचानक स्टेरॉइडविना पडतं ते निराळंच.

लहान मुलांचं सांगते, कारण तिथं घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. रक्ताच्या कर्करोगाच्या काही मुलांना मेंदूवर लाईट देतात. आता पूर्वीपेक्षा कमी मुलांना देतात, पाठीतून इंजेक्शनं देऊनच भागवतात, पण काहींना लागतेच. एक सात वर्षांचा मुलगा, वडील साखर कारखान्यात. लाईट संपून महिना-दीड महिना झाला होता, केस उगवायला लागले होते. एके दिवशी आज्जी त्याला घेऊन आली. "पोरगं नुसतं झोपतंय बघा मॅडम. उठवलं की चार घास खातंय, परत आडवं. खेळणं नाही, बोलणं नाही. चिडचिड तर इतकी! दृष्ट काढून झाली." सोबत आलेल्या आईला विचारायचं धाडस होत नव्हतं, पण तिच्या डोळ्यांत एकच प्रश्न होता: रोग परत आला का?

मेंदूतल्या नसांवर मायलिन नावाचं वेष्टन असतं, विजेच्या तारेवर रबर असतं तसं. ते तयार करणाऱ्या पेशी किरणांनी काही काळ मंदावतात. जुनं वेष्टन झिजतं, नवं वेळेवर चढत नाही, आणि चार ते आठ आठवड्यांनी त्याचा परिणाम दिसतो: गाढ सुस्ती, बारीक ताप, जेवणावरून मन उडणं, कधी डोकेदुखी, कधी उलटी. काही मुलं दिवसातले वीसवीस तास झोपतात. याला सॉम्नोलन्स सिंड्रोम म्हणतात. डोक्यातल्या नायट्याला क्ष-किरण देण्याचा काळ होता, त्या मुलांत हे पहिल्यांदा लक्षात आलं. १९२९ साली द्रुकमान यांनी ते नोंदवलं. कर्करोगाशी त्याचा संबंध नाही, किरणांशी आहे. बहुतेक मुलं एक ते तीन आठवड्यांत आपोआप जागी होतात.

पण "आपोआप" हा शब्द घरी बसून वापरायचा नाही. मेंदूज्वर, मेंदूत परतलेला रोग, मेथोट्रेक्सेट या किमोच्या औषधाचा परिणाम, रक्तातलं सोडियम उतरणं, यांतही मूल असंच पेंगतं. तपासून ते सगळं बाजूला सारल्यावरच हे निदान करता येतं. त्याच दिवशी त्याला मिरजेला पाठवलं, पाठीतलं पाणी तपासलं, स्कॅन झाला, सगळं निर्मळ निघालं. पंधरा दिवसांनी त्यानं स्वतःहून सायकल मागितली.

याच मायलिनचा आणखी एक प्रकार मोठ्यांत दिसतो. मान किंवा छातीला लाईट घेतलेला माणूस दोन-चार महिन्यांनी देवापुढं वाकतो आणि मानेपासून पाठीतून पायापर्यंत करंट जातो. क्षणभर, पुन्हा मान वर केली की बंद. फ्रेंच डॉक्टर लेर्मित यांच्या नावानं ही खूण ओळखतात. भीती वाटण्यासारखीच आहे, पण बहुधा काही महिन्यांत विरून जाते. मात्र पायातली ताकद कमी होत असेल, चप्पल पायातून निसटत असेल, लघवी अडत असेल तर ती ही गोष्ट नव्हे. मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच गाडी काढायची. उशीर झाला तर पाय परत मिळत नाहीत.

मायलोमाच्या आप्पांना हाडाच्या दुखण्यासाठी लाईट देतात आणि दुसऱ्या दिवशी दुखणं उलट वाढतं. हे खरं तर विरळही नाही, बऱ्याच जणांना होतं. दोन-तीन दिवस वेदनेची गोळी वाढवून मिळते, मग उतार पडतो. फक्त हे आधी सांगितलेलं नसेल तर आप्पा पुढच्या लाईटला गाडीत बसत नाहीत.

आता पहिल्या दोन-तीन दिवसांतला, फार विरळ पण जिवावर बेतणारा त्रास. गाठ मोठी आणि किरणांना पटकन विरघळणारी असेल तर लाखो-करोडो पेशी एकदम फुटतात. त्यांच्या पोटातलं पोटॅशियम, फॉस्फेट, युरिक ॲसिड रक्तात येतं. मूत्रपिंडाला एवढा गाळ उपसता येत नाही. लघवी कमी होते, उलट्या, पायांत गोळे, हाताची बोटं आखडणं, छातीत धडधड. पोटॅशियम फार चढलं तर हृदयाचा ठोकाच चुकतो. किमोनंतर हा त्रास डॉक्टर अपेक्षितच धरतात, लाईटनंतर क्वचित होतो म्हणून विसरला जातो. मोठ्या गाठीच्या पेशंटला आधीपासून भरपूर पाणी आणि युरिक ॲसिडची गोळी देतात ती यासाठीच. आणि इथं आपल्या घरातली एक सवय आडवी येते: अशक्त माणसाला नारळपाणी. एरवी उत्तम, पण त्यात पोटॅशियम भरपूर असतं. लघवी कमी झालेल्या, पायांत गोळे येणाऱ्या माणसाला ते पाजू नका. पहिल्या आठवड्यात तर विचारल्याशिवाय नकोच. साधं पाणी द्या, आणि दिवसात लघवी किती झाली ते बघा.

छातीत श्वासनळीला खेटून गाठ असली तर पहिल्या लाईटनंतर ती थोडी सुजते आणि श्वास जास्तच कोंडतो. आडवं पडता न येणं, गळ्याच्या शिरा फुगणं, चेहरा सुजणं, आवाज घोगरा होणं यातलं काही वाढलं तर दवाखान्यात, आणि नेताना बसवून न्या.

कातडीचा एक चमत्कारिक प्रकार असा की लाईट संपून महिने, क्वचित वर्षं उलटलेली असतात, जागा बरी झालेली असते, आणि नव्या किमोची बाटली लागली की नेमकी तीच जागा लालभडक होते. कड पुन्हा सरळ, चौकोन काढल्यासारखी. जणू कातडीला जुनं आठवलं. इंग्रजीत त्याला रिकॉल म्हणतात ते याच अर्थानं. १९५९ साली द'अँजिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲक्टिनोमायसिन या औषधाबाबत हे पहिल्यांदा लिहिलं. लिम्फोमात वापरतात ते डॉक्सोरुबिसिन, ज्याला पेशंट "लाल औषध" म्हणतात, त्यानंही होतं. याला नागीण समजून लेप लावलेले मी पाहिलेत. नागिणीत पाण्याचे फोड मज्जातंतूच्या वाटेनं एका बाजूला पट्ट्यानं येतात. इथं लाईटचा चौकोनच दिसतो. लेप नको, डॉक्टरांना दाखवा. पुढच्या बाटलीचं काय करायचं ते त्यांना ठरवावं लागतं.

मेंदूवर लाईट चालू असताना आकडीसाठी फिनिटॉइनची गोळी असेल तर अंगावर येणाऱ्या पुरळाकडं डोळेझाक करू नका. हे दोन्ही एकत्र असताना फार थोड्यांना कातडी आणि तोंडाचं अस्तर सोलून निघण्यापर्यंत मजल जाते. तोंडात फोड, डोळे लाल, अंगावर चट्टे दिसले की त्याच दिवशी जा. गोळी मनानं बंद केली तर आकडी येईल, म्हणून बदलून घ्या.

सगळ्या अंगाला लाईट देतात तेव्हा पेशंट इस्पितळातच असतो. गालांची सूज, ताप, जुलाब तिथंच दिसतात. यकृताच्या बारीक शिरा तुंबून वजन भराभर वाढणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, कावीळ होणं, हा विरळ आणि गंभीर प्रकार बहुधा पहिल्या तीन आठवड्यांत होतो. म्हणून तिथं रोज वजन करतात. पेशंटनं आणि नातेवाइकांनी त्याचा कंटाळा करू नये.

आणि एक गोष्ट लाईट सुरू होण्याआधीची. आपल्या सांगली-साताऱ्याकडं मामाच्या मुलीशी लग्नं अजून होतात. जवळच्या नात्यात लग्न झालं की आईबाप दोघांकडून सारखाच दोष मुलात येण्याची शक्यता वाढते. अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया हा असा एक अत्यंत दुर्मीळ आजार आहे. यात तुटलेला डीएनए जोडायची यंत्रणाच अधू असते, त्यामुळं ल्युकेमिया-लिम्फोमाही जास्त होतात आणि नेहमीची लाईटही सोसत नाही. मूल चालायला लागल्यापासून झोकांड्या खातंय, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल शिरांचं जाळं आहे, सारखं छातीचं दुखणं येतंय, असं असेल आणि नात्यातलं लग्न असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तुम्ही सांगा. यात लाजण्यासारखं काही नाही.

माझ्या बरोबरीच्या डॉक्टरांना हात जोडून एकच विनवणी. लाईट किंवा किमो चालू असलेला पेशंट "एक सुई मारा" म्हणत आला तर मारू नका. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट उतरलेल्या असल्या तर कंबरेत रक्ताची गाठ धरते. ब्रुफेनच्या जातीची गोळीही देऊ नका. आणि १०१ ताप, किंवा तासभर टिकलेला १००.४, म्हणजे आधी काउंट बघायची वेळ. पांढऱ्या पेशींतल्या न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असतील तर पॅरासिटामॉल देऊन उद्या बोलावणं म्हणजे त्याचा जीव पणाला लावणं आहे.

गालगुंडाच्या त्या रात्रीपासून मी दवाखान्यात एक कोरा कागद ठेवते. लाईट घेऊन आलेल्या प्रत्येकाच्या फाईलमधून त्यावर उतरवून देते: शरीराच्या कुठल्या भागाला, एकूण किती ग्रे, किती वेळा, पहिली तारीख, शेवटची तारीख, सोबत कुठली औषधं, आणि रात्री-अपरात्री लावायचा इस्पितळाचा फोन नंबर. सात वर्षांच्या त्या मुलाच्या आज्जीला वाचता येत नाही. पिन गंजते, चिकटपट्टी सुटते, म्हणून तिनं तो कागद प्लॅस्टिकमध्ये घालून फाईलच्या आतल्या पानाला चारी बाजूंनी सुईदोऱ्यानं शिवून टाकलाय. गोधडीला घालतात तसे धावदोऱ्याचे टाके, लाल दोऱ्याचे, जवळजवळ घातलेले.